माणगाव तालुक्याचे भूषण : कै. नारायण मल्हार जोशी

मुंबईत लोअर परळच्या बाजूने जो रस्ता पूर्वी डिलाईल रोड म्हणून ओळखला जाई, त्याचे आजचे नाव ना. म. जोशी मार्ग असे आहे. आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांच्या दोन-दोन, तीन-तीन पिढ्या या रस्त्याच्या आसपास, बी. डी. डी. चाळींत आणि गिरण्यांच्या चाळींत वाढल्या. गावाहून येणाऱ्या पत्रावर हे नाव लिहिले गेले, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर ते चढले. परंतु हे जोशी कोण, असे विचारले तर उत्तर देणारे फार थोडे भेटतात. आणि ते आपल्याच माणगाव तालुक्यातील गोरेगावचे होते, हे सांगणारे तर त्याहूनही थोडे.

आपल्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील थोर पुरुषांची व स्त्रियांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे. कै. नारायणराव जोशी हे आपल्या ज्ञातीचे नव्हते. तथापि ज्या मातीत आपले कुलस्वामी व कुलदेवता आहेत, त्याच मातीत त्यांचा जन्म झाला. आणि आपल्या आज्या-पणज्या ज्या गिरण्यांत राबल्या, त्या गिरण्यांतील स्त्रियांच्या जिवाची काळजी त्यांनी आयुष्यभर वाहिली. एवढे नाते आम्हांस पुरेसे वाटते.

हे चरित्र यंदाच देण्यास आणखी एक कारण घडले, ते प्रांजळपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. गतवर्षीच्या वार्षिक सभेत एका ज्ञातिबंधूंनी एक प्रश्न मांडला. त्यांची कन्या पदविका घेऊन आपल्या भागातील एका कारखान्यात नोकरीस लागली आहे. पाळी सुटून ती घरी पोहोचेपर्यंत रात्र होते, वाटेवर दिवे नाहीत, कामावरील एका वरिष्ठाचे बोलणे-चालणेही तिला रुचत नाही. अशा स्थितीत तिला नोकरी सोडावयास सांगावे काय, असा त्यांचा प्रश्न होता. वडीलधाऱ्या मंडळींपैकी बहुतेकांनी होकारार्थी माना हलविल्या. ती मुलगी मागच्या रांगेत आपल्या आईशेजारी बसली होती. तिला कोणी काही विचारले नाही. आम्हीही त्या वेळी मौन धरले. सभा संपली, अल्पोपाहार झाला, मंडळी पांगली. परंतु तो प्रश्न काही आमच्या मनातून गेला नाही. त्याचे उत्तर शोधताना आम्हांस नारायणरावांच्या चरित्राची आठवण झाली.

जन्म, शिक्षण व समाजसेवेचे व्रत

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी गोरेगाव येथे झाला. हा भाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात मोडे. जिल्ह्याचे रायगड असे नामकरण १९८१ साली झाले. त्या काळी मुंबईस जावयाचे तर सावित्रीच्या खाडीने दासगाव बंदरातून जलमार्ग धरावा, आणि पुण्यास जावयाचे तर घाट चढावा, अशी येथील प्रवासाची रीत होती. कोकण रेल्वेची गाडी माणगावात यावयास त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लागावयाची होती. अशा आडवळणाच्या भागातून हा मुलगा पुण्यास गेला. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्याचे शिक्षण झाले, आणि १९०१ साली डेक्कन कॉलेजातून तो पदवीधर झाला. पुढे सुमारे आठ वर्षे त्यांनी शिक्षकाचा पेशा केला.

त्या काळच्या पदवीधरास सरकारी नोकरीत सुखाने आयुष्य काढता आले असते. परंतु नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना केली होती, आणि देशसेवेस आयुष्य वाहून घेणाऱ्या, अल्प वेतनावर संसार चालविण्यास तयार असणाऱ्या सुशिक्षित तरुणांची त्यांस आवश्यकता होती. १९०९ साली नारायणराव त्या समाजाचे सभासद झाले. याच संस्थेतील कै. गोपाळ कृष्ण देवधर हे पुण्यास श्रीमती रमाबाई रानडे यांच्या समवेत सेवासदनाच्या कार्यात गढले होते, आणि तेथे स्त्रियांना परिचारिकेचे व सुइणीचे शिक्षण मिळू लागले होते. नारायणरावांच्या वाट्यास मुंबई आली.

गिरणगावातील माताभगिनींची स्थिती

१९११ च्या मार्च महिन्यात मुंबईस सोशल सर्व्हिस लीग ही संस्था निघाली. सर नारायण चंदावरकर हे तिचे अध्यक्ष होते, आणि चिटणीसपदाची सर्व जबाबदारी नारायणरावांकडे आली. समाजसेवा करावयाची तर प्रथम माणसे कशी राहतात ते पाहिले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. म्हणून लीगचे स्वयंसेवक चाळीचाळीतून हिंडू लागले.

तेथे जे दृश्य होते त्याची कल्पना आजच्या वाचकांना यावयाची नाही. एका खोलीत एकाहून अधिक कुटुंबे, मध्ये गोणपाटाचा पडदा, मजल्याच्या टोकास सर्वांचे मिळून एक-दोन शौचकूप, आणि पाण्याच्या नळावर पहाटेपासून रांग. १९२० च्या सुमारास मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. वायंडिंग आणि रीलिंग या खात्यांत त्या मुख्यत्वेकरून काम करीत. त्यांस कामावर घेणे न घेणे हे नायकिणीच्या आणि मुकादमाच्या हाती असे. नोकरी लागावी म्हणून दस्तुरी द्यावी लागे, आणि ज्याच्या मर्जीवर पोट अवलंबून त्याच्यापुढे मान वर करून बोलण्याची सोय नसे. एखादीने तक्रार करावयाची तर ती कोणाकडे? दुसरे दिवशी तिच्या जागी दुसरी बाई उभी असे.

बाळंतपणाची गोष्ट तर याहून करुण होती. रजेचा पगार नाही, जागा राखून ठेवण्याची हमी नाही. म्हणून दिवस भरत आले तरी बाई कामावर जाई, आणि प्रसूतीनंतर अंगात त्राण येण्यापूर्वीच परतण्याची तिची धडपड चाले. तान्हे मूल घरी शांत पडून राहावे म्हणून त्यास अफूची बाळगोळी देण्याची चाल सर्रास होती. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉक्टर बार्न्स या स्त्रीने १९२२ च्या सुमारास गिरणीत काम करणाऱ्या प्रसूत स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ही चाल किती पसरलेली आहे ते सरकारी कागदावर आले. १९२१ साली मुंबईत दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बालमृत्यूंची नोंद झाली होती. बाळंतपणासाठी गावी गेलेल्या स्त्रियांच्या मुलांचे जन्म मुंबईत नोंदले जात नसत, त्यामुळे हा आकडा काहीसा फुगलेला असणार हे खरे. तथापि तो निम्मा धरला तरी कोणाचेही मन विदीर्ण व्हावे.

लीगने या स्थितीवर आपल्या परीने उपाय योजले. कामगारांसाठी रात्रीच्या शाळा काढल्या, मोफत वाचनालये व फिरती ग्रंथालये चालविली, दवाखाने उघडले, सावकाराच्या पाशातून सुटका व्हावी म्हणून सहकारी पतपेढ्या उभारल्या, स्त्रियांसाठी शिवणाचे व शिक्षणाचे वर्ग सुरू केले. रोगाची साथ आली, दुष्काळ पडला, पूर आला, की लीगचे स्वयंसेवक तेथे हजर असत. परळचे दामोदर ठाकरसी सभागृह हे याच संस्थेच्या कार्यातून उभे राहिले. आपल्या ज्ञातीतील वयस्क मंडळींनी तेथे पाहिलेली नाटके त्यांस आजही स्मरत असतील.

परंतु या दहा वर्षांच्या सेवेने नारायणरावांस एक गोष्ट पुरती उमगली. औषधाची बाटली देऊन दहा तास उभे राहण्याने आलेला आजार बरा होत नाही. पतपेढीने दस्तुरी बंद होत नाही. आणि कनवाळू मंडळी कितीही जमली तरी मालकाने ज्या बाईस प्रसूतीच्या आठवड्यात काढून टाकले, तिचे काम ती परत मिळवून देऊ शकत नाहीत. दयेस कायद्याची जोड हवी. त्याचबरोबर नुसता कायदाही चाळीच्या जिन्यापर्यंत आपोआप चालत येत नाही, हेही त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणून पुढील आयुष्यात त्यांनी एक पाय कायदेमंडळात आणि दुसरा पाय कामगारवस्तीत ठेवला.

कायदेमंडळातील झगडा

पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्यास हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायणराव गेले. गोरेगावच्या एका शिक्षकाने जगातील राष्ट्रांच्या प्रतिनिधींत बसून गिरणीतल्या बाईचे दुःख मांडावे, ही आपल्या तालुक्यास अभिमानाची गोष्ट आहे. त्या परिषदेत स्त्रियांविषयी दोन महत्त्वाचे करार संमत झाले. एक रात्रीच्या कामास बंदी करणारा. दुसरा प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर सहा-सहा आठवडे विश्रांती व निर्वाहापुरते साहाय्य देणारा. यांपैकी पहिला करार हिंदुस्थान सरकारने स्वीकारला. दुसरा स्वीकारला नाही.

१९२० च्या ऑक्टोबर अखेरीस मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि संस्थापकांत नारायणराव होते. १९२१ पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नेमले गेले, आणि सुमारे पाव शतक त्यांनी ती जागा भूषविली. १९२२ साली कारखान्यांच्या कायद्यात सुधारणा होऊन कामाचा दिवस अकरा तासांचा व आठवडा साठ तासांचा ठरला, बारा वर्षांखालील मुलांस काम देणे बंद झाले, आणि स्त्रियांच्या रात्रीच्या कामावरील निर्बंध अधिक काटेकोर झाला. अकरा तासांचा दिवस हा आज आपणांस छळ वाटेल. त्या वेळी तो सुधारणा होता, यावरून पूर्वीची स्थिती ओळखावी.

१९२४ साली नारायणरावांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक मांडले. कारखाने, खाणी व चहाचे मळे येथील स्त्रियांना प्रसूतीच्या आगेमागे काही आठवडे विश्रांती मिळावी आणि त्या काळात त्यांच्या पोटाची सोय व्हावी, एवढाच त्याचा आशय. मालकवर्गाने खर्चाचे कारण पुढे केले. सरकारपक्षाचे म्हणणे असे की या देशातील स्त्रिया बाळंतपणास आपापल्या गावी जातात, दाखला देण्यास स्त्री-डॉक्टर नाहीत, तेव्हा असा कायदा अमलात येणे कठीण. विधेयक फेटाळले गेले.

एखाद्याने हताश होऊन काम सोडले असते. नारायणरावांच्या ठिकाणी मात्र चिकाटी हा गुण वक्तृत्वापेक्षा मोठा होता. त्यांची भाषणे टाळ्या घेणारी नसत. त्यांत आकडे असत, पाहिलेल्या गोष्टी असत, आणि पुन्हा पुन्हा तीच मागणी असे. दिल्लीस जे विधेयक पडले, त्याचा विचार मुंबईत रुजला. मुंबईच्या कायदेमंडळात कै. आसवले यांनी प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आणले. आपल्या शेजारच्या महाडास १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह करून समतेचा झेंडा रोवणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली त्या विधेयकास खंबीर पाठिंबा दिला. १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूतिसाहाय्याचा कायदा झाला. हिंदुस्थानातील अशा प्रकारचा तो पहिला कायदा होय. त्यामागोमाग इतर प्रांतांनी तशी पावले टाकली, आणि १९४१ साली खाणींतील स्त्रियांसाठी मध्यवर्ती कायदा आला. प्रथम विधेयक मांडणाऱ्याच्या हयातीतच त्याचा विचार देशभर पसरला, असे भाग्य थोड्यांच्या वाट्यास येते.

खाणीतील स्त्रिया, आणि एक अवघड धडा

कोळशाच्या खाणींत त्या काळी स्त्रिया आपल्या पुरुषांबरोबर जमिनीच्या पोटात उतरत. पुरुषाने कोळसा खणावा, बाईने तो टोपलीतून वाहावा, अशी कामाची वाटणी असे. अंधार, ओल, कोंदट हवा आणि छत कोसळण्याचे भय, अशा त्या जागी बायामाणसांचे जीवित कसे सुरक्षित राहणार? ही प्रथा बंद व्हावी असा आग्रह नारायणराव व त्यांच्यासारखी मंडळी धरीत होती. अखेर १९२९ साली सरकारने नियम करून खाणींच्या पोटातील स्त्रियांचे काम दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले, आणि १९३७ साली बंदी पूर्ण झाली. दुसऱ्या महायुद्धात कोळशाची निकड भासताच १९४३ साली हीच बंदी उठविण्यात आली, आणि १९४६ साली पुन्हा लागू झाली. संकट आले की प्रथम स्त्रियांच्या संरक्षणावरच कात्री चालते, हे यावरून ध्यानात यावे.

येथे एक गोष्ट न लपविता सांगितली पाहिजे. खाणीतून वर आलेल्या त्या स्त्रियांना दुसरे काम मिळाले असे नाही. घरातील एक मिळकत गेली, आणि तिची भरपाई कोणी केली नाही. मुंबईच्या गिरण्यांतही पुढील काळात स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. नवी यंत्रे आली, स्त्रियांची खाती आटली, आणि रात्रपाळीस बायका चालत नाहीत, बाळंतपणाचा खर्च पडतो, ही सबब मालकांच्या हाती आयतीच होती. म्हणजे जो कायदा स्त्रीच्या रक्षणासाठी झाला, त्याचाच आधार घेऊन तिला दाराबाहेर काढता येते. याचा अर्थ कायदा चुकीचा होता असा नव्हे. संरक्षण अर्धेच राहिले, असा त्याचा अर्थ आहे. काम धोक्याचे असेल तर धोका दूर करावयाचा, बाईस नव्हे. आणि बाईस दूर करणे अटळच असेल तर तिच्या भाकरीची व्यवस्था आधी करावयाची.

ही उणीव नारायणरावांच्याही काळात जाणवू लागली होती. १९२९ साली सरकारने व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांविषयी रॉयल कमिशन नेमले. त्यात नारायणराव सभासद होते. कमिशनचा अहवाल १९३१ साली प्रसिद्ध झाला. स्त्रियांची तपासणी स्त्रियांनीच करावी म्हणून प्रांतोप्रांती स्त्री-निरीक्षक नेमावेत, जेथे बऱ्याच स्त्रिया काम करतात तेथे मुलांसाठी पाळणाघर असावे, प्रसूतिसाहाय्याचा कायदा सर्वत्र व्हावा, अशा शिफारशी त्यात आल्या. १९३४ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद झाली. स्त्रीने घरी बसावे असे न म्हणता, ती जेथे काम करते ती जागा तिच्यासाठी नीट करावी, ही या शिफारशींमागील दृष्टी होती, आणि तीच आम्हांस सर्वाधिक मोलाची वाटते.

संघटना, मतभेद आणि अखेर

कायदा झाला तरी तो मागून घेणारे हात हवेत, हे नारायणरावांनी कधी दृष्टीआड केले नाही. कामगार संघांना कायद्याचे संरक्षण असावे असा ठराव त्यांनी १९२१ सालीच कायदेमंडळात आणला होता. १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे टेक्स्टाईल लेबर युनियन निघाली आणि नारायणराव तिचे अध्यक्ष झाले. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा प्रचंड संप झाला, तेव्हा विविध मतांच्या पुढाऱ्यांनी मिळून बनविलेल्या संप समितीतही ते होते. स्वभावाने ते मवाळ. तडजोडीने जे मिळते ते घ्यावे आणि उरलेल्यासाठी पुन्हा झगडावे, ही त्यांची रीत. जहाल मंडळींस ती पसंत नसे, आणि १९२९ साली नागपूरच्या अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेस दुभंगली. परंतु पुढे ऐक्य झाले, आणि १९४० ते १९४८ या काळात त्याच संस्थेचे सरचिटणीसपद पुन्हा त्यांनी सांभाळले. ज्यांनी त्यांच्यावर टीका केली त्यांनाही त्यांच्या निःस्पृहतेविषयी कधी शंका आली नाही. सरकारने देऊ केलेली सी. आय. ई. ही पदवी त्यांनी नाकारली. गोलमेज परिषदेस जाऊन आलेला, जिनिव्हास आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत मानाने बसलेला हा पुरुष अखेरपर्यंत साधेपणानेच राहिला. १९४० साली त्यांनी भारत सेवक समाजाचे सभासदत्व सोडले. सेवा मात्र सोडली नाही. ३० मे १९५५ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मागे त्यांचे काम थांबले नाही. त्यांच्या हयातीतच १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला होता. १९६१ साली प्रसूतिलाभाचा कायदा साऱ्या देशासाठी झाला आणि त्याने बारा आठवड्यांची रजा दिली. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी ती सव्वीस आठवड्यांची झाली, आणि २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद कायम राहिली. दिल्लीस फेटाळलेल्या विधेयकापासून सव्वीस आठवड्यांपर्यंतची ही वाटचाल ९३ वर्षांची आहे. महाराष्ट्रात १९९३ साली राज्य महिला आयोग स्थापन झाला, आणि १९९४ साली राज्याने आपले महिला धोरण जाहीर केले. तसे करणारे हे देशातील पहिले राज्य होय. घरातील छळापासून संरक्षण देणारा कायदा २००५ साली आला. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविषयी १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात दंडक घालून दिले, आणि २०१३ साली त्याचा कायदा झाला.

आपल्या संस्थेपुढील कर्तव्य

हा शेवटचा कायदा आपल्या प्रत्येक कुटुंबाने समजून घेण्याजोगा आहे. जेथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात, त्या प्रत्येक ठिकाणी मालकाने एक अंतर्गत समिती नेमली पाहिजे. तिची अध्यक्ष त्याच ठिकाणची वरिष्ठ स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया तीत नसाव्यात, आणि एक सभासद बाहेरच्या सामाजिक संस्थेतील असावा. दहाहून कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. घरकाम करणाऱ्या भगिनींनाही तेथे जाता येते. तक्रार लेखी, सामान्यतः तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी असा दंडक आहे. रात्रपाळीविषयी २०२० सालच्या व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेने स्त्रीची संमती आणि मालकाने करावयाची सुरक्षिततेची व्यवस्था या दोन अटी घातल्या आहेत. वाटेत संकट ओढवल्यास ११२ आणि महिलांच्या साहाय्यासाठी १८१ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.

कायदे एवढे आहेत. परंतु आमच्या सभेत जेव्हा तो प्रश्न निघाला, तेव्हा आमच्यापैकी एकानेही यांपैकी एकाचा उच्चार केला नाही. त्या कारखान्यात समिती आहे काय, असे कोणी विचारले नाही. कामगारांची ने-आण करणारी गाडी गावाच्या फाट्यापर्यंत सोडील काय, अशी विचारणा संस्थेच्या वतीने करावी, असे कोणास सुचले नाही. वाटेवरील दिव्यांसाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करण्याचे मनात आले नाही. सर्वात सोपा उपाय आम्हांस आठवला, तो म्हणजे मुलीने घरी बसावे. खाणीतून वर काढलेल्या त्या स्त्रियांप्रमाणे तिचीही भाकर तिच्या रक्षणाच्या नावाखाली जाणार होती.

एके काळी आपल्या भागातील माणूस पोटासाठी मुंबईस जात असे. आज विळे-भागाड येथे औद्योगिक क्षेत्र उभे आहे, लोणेऱ्यास तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, आणि आपल्या मुली शिकून बाहेर पडत आहेत. त्यांचे शिक्षण व्हावे म्हणून याच संस्थेने शिष्यवृत्त्या दिल्या, गुणगौरव समारंभ केले, व्यासपीठावर बोलावून त्यांस पुष्पगुच्छ दिले. ज्या मुलीस आपण शिकविले, तिला पहिल्या अडचणीच्या वेळी घरी बसावयास सांगणे हे आपल्याच कार्यास बाधा आणणारे आहे.

म्हणून आम्ही कार्यकारी मंडळापुढे नम्रपणे तीन गोष्टी ठेवीत आहोत. पहिली, नोकरी करणाऱ्या आपल्या मुली व सुना यांची त्यांच्या संमतीने नोंद व्हावी, आणि त्यांच्यातूनच तीन भगिनींची एक उपसमिती नेमावी. अडचण सांगावयाची ती प्रथम तिच्यापाशी सांगता यावी, आणि ती गुप्त राहावी. दुसरी, ज्या ठिकाणी आपल्या भगिनी काम करतात तेथे अंतर्गत समिती आहे की नाही, याची विचारणा संस्थेच्या पत्राने व्हावी. एकटी मुलगी विचारील तर ती डोळ्यांत येते. संस्थेने विचारले तर तसे होत नाही. तिसरी, तक्रार करणाऱ्या मुलीच्या बाजूने, तिची इच्छा असेल तर, संस्थेचा एक पुरुष व एक स्त्री कार्यकर्ता कचेरीपर्यंत जाईल, असा ठराव व्हावा. तक्रार केली म्हणून तिच्या लग्नास बाध येईल, ही भीती ज्या ज्ञातीत आहे त्या ज्ञातीनेच ती घालविली पाहिजे; ते काम सरकारचे नव्हे, आणि सरकारला ते जमणारही नाही.

नारायणरावांनी प्रथम चाळीचे जिने चढले आणि मग कायदेमंडळाच्या पायऱ्या. आपणांस कायदेमंडळात जावयाचे नाही. तेथील काम पुष्कळसे होऊन गेले आहे. उरले आहेत ते जिने चढण्याचे. त्या मुलीने, हे लिहीपर्यंत, नोकरी सोडलेली नाही, असे तिच्या वडिलांकडून कळले. येत्या सभेत तिला पुढच्या रांगेत बसवून प्रथम तिचेच म्हणणे ऐकावे, अशी आमची विनंती आहे. आणि गतवर्षीच्या आमच्या मौनाबद्दल आम्ही तिची क्षमा मागतो.

गोरेगावच्या या थोर सुपुत्रास आमचे विनम्र अभिवादन.